तक्त्यातला एक

गेल्या आठवड्यापासून आमच्या गेटासमोरच्या पदपथावर पुन्हा अवरेकाईचे ढीग लागले आहेत. बायका गोणपाट पसरून बसतात, शेंगांचा हिरवा डोंगर रचतात आणि वर तराजू ठेवतात. आपल्याकडचा पावटाच हा, पण बंगळूरकरांसमोर तसं म्हणायची सोय नाही. त्यांच्या लेखी ती भाजी नाही, हंगाम आहे. डिसेंबरच्या थंडीत दव पडलं की शेंगेला एक तेलकट, उग्र वास सुटतो. इथे त्याला सोगडु म्हणतात. घेणारा आधी शेंग नाकाशी नेतो, मग भाव विचारतो. हा वास बोटांना चिकटतो आणि साबणाने जात नाही. अठरा वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आलो तेव्हा या शहरातली मला आवडलेली पहिली गोष्ट म्हणजे हा वास.

आता मला त्याची शिसारी येते. हिने परवा दोन किलो शेंगा आणून जेवणाच्या टेबलावर ओतल्या, तसा मी उठून गॅलरीत गेलो. काय झालं, असं तिने आतूनच विचारलं. मी सर्दी झाल्याचं सांगितलं. शेंगांचा यात काही दोष नाही. दोष गेल्या वर्षीच्या हंगामाचा आहे, आणि त्या हंगामात मी केलेल्या एका तक्त्याचा.

आमची वसाहत सर्जापूर रोडवर आहे. चार इमारती, तेरा मजले, मजल्यावर आठ घरं. एकूण चारशे सोळा. गेल्या डिसेंबरात आमच्या असोसिएशनने ‘आनंद सप्ताह’ केला. क्लबहाउसला पिवळे फुगे लावले. दाराशी हसऱ्या चेहऱ्याची पुठ्ठ्याची चौकट उभी केली, तीत तोंड घालून फोटो काढायचा. पहिल्या दिवशी एक वक्ते आले. गालाला माइक चिकटवलेला, पायात पांढरे बूट. त्यांनी सगळ्यांना शेजाऱ्याला मिठी मारायला लावली. माझ्या शेजारी नेमका तो गृहस्थ होता, ज्याच्याशी पार्किंगच्या रेषेवरून माझं आठ महिने बोलणं नव्हतं. आम्ही मिठी मारली, फोटो निघाला, आणि आमच्या अबोल्याचा नववा महिना सुरू झाला.

हे सगळं एका स्पर्धेसाठी चाललं होतं. सर्वांत आनंदी वसाहत निवडायची होती. त्या स्पर्धेच्या अर्जात एक रकाना होता: वसाहतीने मानसिक आरोग्यासाठी आणि सामाजिक जबाबदारी म्हणून काय केलं. तो भरण्यासाठी आमचे सेक्रेटरी चिन्मय यांनी सुमित्राक्कांना बोलावलं. चिन्मय मूळचा नागपूरचा, चाळिशीचा, सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. माणूस वाईट नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण वाईट माणसाने केलं असतं तर मला इतका वीट आला नसता.

सुमित्राक्का मानसशास्त्रज्ञ. साठीच्या आसपासच्या, बनशंकरीला राहणाऱ्या. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. आमचे पूर्वज घोड्यावरून आले आणि घोडे म्हातारे झाले म्हणून राहिले, असं त्या सांगायच्या. घरात अजून मराठी, पण तिला कन्नडचा हेल, आणि वाक्याच्या शेवटी ‘सरी’, म्हणजे ठीक. मला त्या पहिल्याच भेटीत ‘अण्णा’ म्हणाल्या. आठवड्यातले तीन दिवस खोलीत बसून फी घेऊन काम करायचं, आणि उरलेले दिवस वस्त्यांत, कपड्यांच्या कारखान्यांत, जिथे बोलावतील तिथे जायचं, हा त्यांचा वीस वर्षांचा क्रम. मी कारण विचारलं, तेव्हा म्हणाल्या की ज्यांना माझ्या खोलीपर्यंत येता येतं ते येतातच. ज्यांना येता येत नाही त्यांच्याकडे कुणी जायचं, हा प्रश्न कुणी तरी आपला मानायला हवा ना.

त्या क्लबहाउसमध्ये आल्या, फुगे पाहिले, चौकट पाहिली. मग चिन्मयला विचारलं, इथे काम करणारी माणसं कुठे बसतात? तो जरा गोंधळला. कामवाल्या बायका, ड्रायव्हर, माळी, गार्ड यांना क्लबहाउसमध्ये यायला मनाई आहे. त्यांची बसायची जागा दुसऱ्या तळघरात, पंपाच्या खोलीजवळ. मी तिथे बसेन, असं अक्का म्हणाल्या. चिन्मयला हायसं वाटलं. क्लबहाउस मोकळं राहिलं, आणि अर्जातला रकानाही भरला.

तळघरातल्या त्या दुपारी मला अजून तशाच्या तशा आठवतात. पंपाची घरघर, ओल्या सिमेंटचा आणि पेट्रोलचा वास, आणि त्या सगळ्यावर मात करणारा सोगडु. कारण अक्कांनी पहिल्याच दिवशी अवरेकाईची दोन पोती आणवली होती. त्यांची पद्धतच ती. माणसाला समोर बसवून ‘बोल’ म्हटलं की तो गप्प होतो. हाताला काम दिलं की डोळे खाली राहतात आणि जीभ सुटते. मग तीस-चाळीस माणसं सतरंजीवर गोल करून शेंगा सोलत बसायची, आणि जाताना प्रत्येकाने वाटीभर दाणे घरी न्यायचे. मी आमच्या कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. कागद, आकडे, नोंदी हे माझं रोजचं काम. म्हणून असोसिएशनने मला अक्कांच्या मदतीला दिलं होतं. दोन आठवडे रजा टाकून मी वही घेऊन कोपऱ्यात बसायचो आणि ऐकायचो.

आणि काय काय ऐकलं. एक स्वयंपाकवाली म्हणाली, तिची मॅडम रोज सकाळी मनःशांतीसाठी डोळे मिटून बसते, तेवढा वेळ मिक्सर लावायचा नाही; पण चटणी मात्र आठला टेबलावर हवी. एक ड्रायव्हर म्हणाला, साहेब मागच्या सीटवर रडतात, त्यांना वाटतं काच काळी आहे म्हणून कुणाला दिसत नाही. पण आरसा माझ्याकडेच असतो. सगळे हसले. मी हसलो नाही. मी सहा वर्षांपासून गाडी स्वतः चालवतो, कंपनीला जाताना बस असते. तरी मी हसलो नाही.

गोलाच्या कडेला रत्नम्मा बसायची. साडीवर गार्डचा निळा शर्ट, त्यावर शिट्टीची दोरी. आमच्याकडे सतरा गार्ड, त्यांत ही एकटी बाई. बाजूच्या गेटावर तिची नेमणूक होती. कामवाल्या बायका संध्याकाळी बाहेर पडताना त्यांच्या पिशव्या तपासायच्या, हे तिचं काम. आमच्याकडे हा नियम आहे. चारशे सोळा घरांतले लोक या नियमाने निश्चिंत झोपतात, आणि त्याबद्दल कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. रत्नम्मा पिशवीला नुसतं बोट लावायची आणि ‘होगु’, जा, असं म्हणायची. तरी बायका तिला सोडायच्या नाहीत. दाणे मोजून न्या गं, एक तिला चिडवायची, नाहीतर ही गेटावर वाटी उघडायला लावेल. रत्नम्मा म्हणायची, तुझी वाटी कशाला उघडू, तुझं तोंडच उघडं असतं. ती मागच्याच खेड्यात भाड्याने राहायची, पायी सात मिनिटांवर. नवरा नाही. मुलगी नववीत. मुलगी शाळेतून आली की रत्नम्मा अर्धा तास घरी जाऊन तिला वाढून यायची. ही नोकरी तिने एवढ्यासाठीच धरून ठेवली होती, असं तिनेच शेंगा सोलताना सांगितलं.

अवरेकाईची सगळ्यांत नाजूक करामत म्हणजे दाणे रात्रभर भिजवायचे आणि एकेक दाणा बोटांत दाबायचा. साल हातात राहते आणि आतला पिवळा, मऊ गर टुणकन बाहेर उडतो. त्या सोललेल्या डाळीचा रस्सा इथे मोठा मानाचा. रत्नम्मा हे फार झपाट्याने करायची. मी एकदा प्रयत्न केला तर दाणा उडून पंपाखाली गेला. ती म्हणाली, सर, जोर लावायचा नाही, तो आपण होऊन येतो.

दुसऱ्या आठवड्यात अक्कांनी चिठ्ठ्या घेतल्या. पाच प्रश्न. झोप लागते का, जेवण जातं का, बोलायला कुणी आहे का, असे. पाचवा प्रश्न होता: गेल्या महिन्यात, आपण नसतो तर बरं झालं असतं, असं कधी वाटलं का? अक्का प्रश्न मोठ्याने वाचायच्या, कन्नडमध्ये आणि हिंदीत. ‘होय’ असेल तर चिठ्ठीवर एक ठिपका, नसेल तर कोरी. घडी करून डब्यात. नाव नाही, सही नाही. वर घरमालकांसाठीही तेच पाच प्रश्न छापून चारही इमारतींच्या दाराशी पेट्या ठेवल्या होत्या.

चिठ्ठ्यांना रंग द्यावेत ही सूचना माझी. घरकामाच्या बायकांना पिवळा, सफाईवाल्यांना निळा, ड्रायव्हरना हिरवा, माळ्यांना पांढरा, गार्डांना गुलाबी. त्यातही पुरुष गार्डांना फिकट गुलाबी आणि महिला गार्डला गडद. वर्गवारी नीट झाली पाहिजे, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही, असं मी म्हटलं. कुठल्या लोकांत जास्त बसायला हवं हे कळेल, म्हणून अक्का ‘सरी’ म्हणाल्या. पण त्यांनी मला एक गोष्ट दोनदा बजावली. ज्या गटात पाचापेक्षा कमी माणसं असतील तो गट शेजारच्या गटात मिळवून टाकायचा. वेगळा दाखवायचा नाही.

मी मिळवला नाही.

का नाही मिळवला, हे मी वर्षभर स्वतःला विचारतो आहे आणि उत्तर दर वेळी तेच येतं, आणि दर वेळी माझी मलाच किळस येते. मला ती लपवाछपवी वाटली. तीस वर्षं कारखान्यात मी एकही आकडा झाकलेला नाही. माल नाकारायची वेळ आली तर नाकारला, वरिष्ठांनी डोळे वटारले तरी जे मोजलं तेच लिहिलं. महिला गार्ड हा गट आहे, त्यात एक माणूस आहे, तर तिथे एक लिहायचा. शिवाय गडद गुलाबी चिठ्ठी फिकट गुलाबीत मिसळली असती तर माझी रंगवारी फुकट गेली असती. एवढंच कारण. एका बाईच्या घासासमोर माझ्या वर्गवारीचा नीटसपणा.

त्याहून घाणेरडी गोष्ट मला फार उशिरा दिसली. कामगारांच्या मी सहा ओळी केल्या होत्या, आणि घरमालकांची एक. दोनशे एक्याण्णव घरमालकांच्या चिठ्ठ्या आल्या होत्या. इमारतीवार, मजलावार, वयोगटवार, कसाही तक्ता करता आला असता. मला ते सुचलंच नाही. मुद्दाम टाळलं असतं तर निदान लबाडी केली असं म्हणता आलं असतं. सुचलं नाही. आमची ती खाजगी बाब होती, आणि त्यांची ती माहिती होती.

तक्ता सुंदर झाला होता. उभ्या-आडव्या बेरजा जुळत होत्या. अक्कांना दाखवायचा राहिला, कारण त्या चार दिवस बाहेरगावी होत्या, आणि चिन्मयला स्पर्धेच्या अर्जाची मुदत गाठायची होती. त्याने तो घरमालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेले आणि मला धन्यवाद. रविवारची दुपार होती. अकराव्या मिनिटाला कुणी तरी लिहिलं: महिला गार्ड एकूण एक, पाचव्या प्रश्नाला होय एक. म्हणजे आपली बाजूच्या गेटवाली ना?

पुढे तासभर मी ते वाचत राहिलो. हळहळणारे चेहरे, रडणारे चेहरे, जोडलेले हात. बिचारी. फार वाईट वाटलं. मग कुणी तरी लिहिलं की मुलं त्याच गेटातून खेळायला जातात. मग कुणी तरी, की अशा मनःस्थितीत माणूस काहीही करू शकतो. मग कुणी तरी, की यात तिचंही भलंच आहे, तिला विश्रांती हवी. मग अंगठे. मी अंगठे मोजले. चौसष्ट. सकाळी त्याच ग्रुपवर, मन मोकळं करायला लाजू नका, असं लिहिलेलं पिवळं चित्र आलं होतं. त्याला एकशे दोन.

सोमवारी एजन्सीला फोन गेला आणि मंगळवारी बाजूच्या गेटावर एक पुरुष गार्ड उभा होता.

मी चिन्मयकडे गेलो. त्याने मला बसवलं, कॉफी दिली. म्हणाला, “पर्सनल काही नाही काका. मला तर ती आवडायची. पण उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची? तुम्ही घ्याल का?” मी म्हटलं, चूक माझ्या तक्त्याची आहे. तो म्हणाला, तक्ता तर बरोबरच आहे ना काका. तुमचा आकडा कधी चुकतो का? त्याने हे टोमणा म्हणून नाही म्हटलं. शाबासकी म्हणून म्हटलं.

अक्का परत आल्या आणि मी त्यांना फोनवर सगळं सांगितलं. मला शिव्या हव्या होत्या. त्या म्हणाल्या, कागद तुमच्या हातात मी दिला अण्णा, तेव्हा आधी चूक माझी. मग त्यांनी विचारलं, रत्नम्मा आत्ता कुठे आहे, तिच्याजवळ कुणी आहे का? मला माहीत नव्हतं. तीन दिवस मी तक्त्याचा विचार करत होतो. ती बाई कुठे आहे हा प्रश्न मला पडलाच नव्हता. अक्का त्याच दुपारी बनशंकरीहून दोन बस बदलून तिच्या खोलीवर गेल्या.

पुढच्या रविवारी सभा झाली. विषयपत्रिकेत कुत्र्यांच्या घाणीचा विषय सहावा, पाहुण्यांच्या गाड्यांचा आठवा, आणि मधला सातवा: सुरक्षा कर्मचाऱ्यांची मानसिक योग्यता. क्लबहाउसमधले फुगे निम्मे सुकून भिंतीला लोंबत होते. अक्कांना बोलायला पाच मिनिटं दिली. त्या उभ्या राहिल्या, आवाज चढवला नाही.

“तुम्ही बोलवलं म्हणून मी आले. तुम्ही सगळ्यांना सांगितलं, बोला, कुणाला काही होणार नाही. ती बोलली. आता या तळघरात पुढची वीस वर्षं कुणी खरं बोलणार नाही. एका माणसाची नोकरी गेली असं तुम्हाला वाटतंय. तसं नाही. दीडशे माणसांची तोंडं तुम्ही शिवलीत.”

कुणी तरी म्हणालं की मॅडमनी ती सुरक्षित आहे असं लेखी दिलं तर असोसिएशन विचार करेल. अक्का म्हणाल्या, माणूस सुरक्षित आहे असा शिक्का माझ्याकडे नाही. तिच्यासाठी नाही, तुमच्यासाठीही नाही.

तेव्हा मी उठलो. म्हटलं, तक्ता माझा आहे, तेव्हा त्यातली दुसरी ओळही वाचतो. घरमालकांच्या चिठ्ठ्या दोनशे एक्याण्णव. पाचव्या प्रश्नाला होय, अडतीस. हा निकष सगळ्यांना लावायचा तर आपल्यापैकी अडतीस जणांनी उद्या घरं रिकामी करायला हवीत. दोघे-तिघे हसले. मागून एक जण म्हणाला की मालकांची गोष्ट वेगळी. कशी वेगळी ते त्याने सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. आठवा विषय पुकारला गेला. मी बसलो.

त्या अडतीस चिठ्ठ्यांतली एक माझी होती.

कारण सांगण्यासारखं काही नाही. मुलगी परदेशी गेली, घर शांत झालं, कामात तेच ते. सकाळी दाढी करताना आरशातल्या माणसाकडे बघून कधी कधी वाटायचं की हा नसता तरी बेरजेत फरक पडला नसता. चिठ्ठीवर ठिपका देताना मी दाराकडे पाठ करून उभा होतो. सभेत उभं राहून मी अडतीस हा आकडा खणखणीत आवाजात सांगितला, आणि अडतिसांत मी आहे हे तीन शब्द गिळले. मला गर्दी होती. रत्नम्माला तिच्या ओळीत कुणीच नव्हतं. सालीतून उडालेल्या दाण्यासारखी ती सगळ्यांसमोर पडली होती, आणि मी माझ्या सदतीस सोबत्यांच्या आड बसून न्यायाची बाजू मांडत होतो.

सभेनंतर अक्कांना रिक्षेपर्यंत सोडायला गेलो. त्या म्हणाल्या की अडतीस जणांपैकी निदान एक तरी उभा राहील असं त्यांना वाटलं होतं; तशी सक्ती कुणावर नाही, पण त्या वाट बघत होत्या. मी रिक्षावाल्याला बनशंकरीचा रस्ता समजावून सांगू लागलो, जो त्याला माझ्यापेक्षा चांगला माहीत होता.

दोन दिवसांनी त्यांनी रत्नम्मा सुरक्षित असल्याचं ते पत्र लिहूनही दिलं. रत्नम्मा स्वतःच म्हणाली, अक्का, द्या ना तेवढा कागद. तत्त्व माझं आहे अण्णा, पगार तिचा, असं मला सांगून त्यांनी सही केली. पण तोवर एजन्सीने तिला होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामाच्या गेटावर पाठवलं होतं, आणि इथे नवा माणूस रुळला होता. चिन्मयने पत्राची पोच दिली. आमच्या वसाहतीला स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाला. ढाल अजून क्लबहाउसमध्ये आहे.

आमची कंपनीही होसकोट्यालाच. बस रोज त्या गोदामावरून जाते. पहिल्यांदा मला ती दिसली फेब्रुवारीत, लोखंडी फाटकापाशी उभी, तोच निळा शर्ट. मी खिडकीचा पडदा ओढला. जाता-येता धरून वर्षभरात चारशेच्या वर वेळा मी त्या फाटकावरून गेलो, आणि पडदा ओढायची जागा माझ्या हाताला पाठ झाली. जवळ आलं की हात आपोआप उठायचा. ज्या अंगठ्यांचा मला राग होता, त्यांच्यात आणि माझ्या त्या हातात काय फरक होता, मला सांगता येणार नाही.

काल संध्याकाळी परतीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवरच्या माणसाच्या पिशवीत अवरेकाई होती. सगळी बस त्या वासाने भरली. खरोखर मळमळलं. मी ड्रायव्हरला थांबवायला सांगितलं आणि उतरलो, आणि उतरल्यावर पाहिलं तर फाटक शंभर पावलांवर होतं. उलटी झाली नाही. मी चालत गेलो.

रत्नम्माने मला ओळखलं. नमस्कार सर, असं म्हणाली, जशी रोज म्हणायची. मला कन्नड स्वल्पच येतं, बाजारापुरतं. त्यातच सांगितलं की तो कागद मी केला होता.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “वही घेऊन तुम्हीच तर बसायचात.”

मी माफी मागितली. ती असू दे म्हणाली नाही, आणि तिने म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. तिने फक्त सांगितलं: दोन बस लागतात. पहाटे निघते. मुलगी आता दहावीत आहे, शाळेतून येऊन थंड भात खाते, मी पोचेपर्यंत शेजारणीकडे बसते. मग एक ट्रक आला, तिने त्याचा नंबर वहीत लिहिला, आडवा बांबू उचलला, पुन्हा खाली केला. परत येऊन विचारलं, घरमालकांच्या चिठ्ठ्यांत किती जणांचे ठिपके निघाले?

अडतीस, मी म्हटलं.

त्यांचं काय झालं?

काही नाही.

म्हणजे त्यांना कुणी भेटलं का? कुणी विचारलं का?

नाही, मी म्हटलं. ते कोण आहेत हे कुणालाच माहीत नाही. एवढी माणसं, असं ती काहीसं पुटपुटली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं: “अदरल्ली ओब्ब नानु.” त्यातला एक मी. परक्या भाषेत होतं म्हणून निघालं असेल. मराठीत ते मी तोवर उच्चारलं नव्हतं, हिच्याजवळही नाही.

रत्नम्माने विचारलं, “आता पण?”

मी म्हटलं, कधी कधी.

तिने आपली प्लास्टिकची खुर्ची ओढून माझ्यामागे ठेवली आणि बसा म्हणाली. मी बसलो. ती उभी.

“मला अक्का दर शनिवारी फोन करतात,” ती म्हणाली. “वर्ष झालं. एक शनिवार चुकला नाही. तुम्हाला कोण करतं?”

तिने शर्टाच्या खिशातून फोन काढला, एक बटण दाबलं, कानाला लावून खात्री केली आणि माझ्या हातात दिला. बस येईपर्यंत बोला, म्हणाली, आणि मागे आलेल्या ट्रककडे वळली.

“हेळु रत्ना, सांग,” पलीकडून अक्कांचा आवाज आला.

मी म्हटलं, रत्नम्मा नाही अक्का, मी बोलतोय. आणि मग मराठीत सांगायला लागलो.